आजोबांची कमान

धाकटीला आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव होतं, पण कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये ते कुणाच्या तोंडी नव्हतं. पहिल्या वर्षाला असताना ती तिथे बिचकत शिरली, तेव्हा दारातच कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर दादाची धाकटी," आणि तेच तिला कायमचं चिकटलं. दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, शर्यतीची गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टीमचा आधीचा कप्तान. तो पास होऊन दूरच्या शहरात कारखान्यात नोकरीला लागला, तरी शेडमध्ये राज्य त्याचंच होतं. कुठला पाना कुठल्या खिळ्याला टांगायचा हे दादानं ठरवलेलं, आणि चहाचे कप विसळायची पाळी कुणाची हेही दादानंच. धाकटीनं एखादं काम नीट केलं तर लोक म्हणत, शेवटी बहीण कुणाची! आणि बिघडवलं तर म्हणत, दादा असता तर असं झालं नसतं. म्हणजे श्रेय दादाचं, चूक तेवढी हिची. कुणालाही राग यावा, आणि धाकटीच्या तर तो नाकाच्या शेंड्यावरच असे.

शेडच्या मधोमध आजोबा विराजमान असत. आजोबा म्हणजे दादानं स्वतः वेल्डिंग करून उभा केलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा. इंजिन बदललं, चाकं बदलली, चालक बदलले, सांगाडा तोच. जड होता, वळणावर सुस्तावायचा, म्हणून पोरांनी त्याला आजोबा म्हणायला सुरुवात केली. पण त्यांनी कधी दगा दिला नाही. एकदा चालकानं त्यांना टायरच्या भिंतीवर नेऊन आदळलं. एक नळी वाकली, ती वाकलेली सगळ्यांना दिसली, आणि दादानं त्याच दिवशी ती कापून नवी बसवली. पोलादाचं तेवढं बरं असतं. दुखलं तर ते लपवत नाही.

जाताना दादानं टीमकडे काही मागितलं नव्हतं. धाकटीला मात्र तो म्हणाला होता, "आजोबांना मोडू नका गं. धावायचे थांबले की मी घेऊन जाईन त्यांना." त्याला राहायला एक खोली, तीही दुसऱ्या एका कामगाराबरोबर वाटून घेतलेली, त्यात तो हा सांगाडा कुठे ठेवणार होता कोण जाणे. आई हसून म्हणाली होती, लग्नात मुलीकडच्यांना दाखवायला नेणार असेल. धाकटीही हसली होती आणि हो म्हणाली होती.

शेवटच्या वर्षी ती कप्तान झाली आणि पहिल्याच बैठकीत तिनं जाहीर केलं, यंदा आजोबा घरी बसतील. यंदाचा सांगाडा कार्बनचा. नळ्या नाहीत, वेल्डिंग नाही; चालक ज्यात बसतो ते अख्खं कवचच राळ मुरवलेल्या काळ्या कार्बन कापडाचे थर साच्यात बसवून, मध्ये मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ जाळीची फळी घालून, भट्टीत भाजून काढायचं. आजोबांच्या निम्म्याहून कमी वजन आणि मजबुती दुप्पट. सरांनी, म्हणजे टीमवर देखरेख करणाऱ्या प्राध्यापकांनी, चष्मा कपाळावर चढवून विचारलं, हे आपल्याला झेपेल का? तिनं इतकं वाचलं होतं, इतके नमुने करून मोडून पाहिले होते की सरांना माघार घ्यावी लागली. हे मान्यच करायला हवं, धाकटी कामाला वाघ होती. फक्त त्या कामामागे एक हट्ट होता आणि तो तिनं कुणाला सांगितला नव्हता. कार्बनमध्ये दादाचा हात लागलेला नसणार होता. दादानं कार्बनला कधी बोटही लावलं नव्हतं. ही गाडी झाली की ती कुणाचीही धाकटी राहणार नव्हती.

अडचण जागेची आली. साचा ठेवायचा तर आजोबांना उठवणं भाग होतं. आणि दुसरी अडचण कमानीची. स्पर्धेचा नियम असा, की कवच कशाचंही असो, चालकाच्या डोक्यामागची कमान पोलादाचीच हवी, गाडी उलटली तर डोकं वाचवायला. नवी कमान वाकवून मिळायला वेळ लागणार होता. आजोबांच्या पाठीवर ती तयार उभी होती. कुणीतरी म्हणालं, हीच कापून घेतली तर? सगळे धाकटीकडे बघायला लागले. सरांनी विचारलं, "दादाला विचारलंस का?"

"घरचाच माणूस आहे सर," ती म्हणाली. "त्याला काय विचारायचं."

कटर तिनं स्वतःच हातात घेतला. कप्तानानं अवघड काम दुसऱ्यावर ढकलू नये, हाही दादाचाच नियम. ठिणग्या उडाल्या, कमान सुटली, आणि कमान गेल्यावर उरलेल्या नळ्यांत आजोबा कुठेच दिसेनात. मग त्या नळ्यांचेही तुकडे झाले आणि भंगाराच्या टेम्पोत गेले. सांगू दादाला सावकाश, तिनं स्वतःशी म्हटलं. सावकाश म्हणजे कधी, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

आता कापडाची गोष्ट. ही राळ मुरवलेली कापडं थंडीत ठेवावी लागतात, नाहीतर राळ आपोआप कडक व्हायला लागते. टीमनं त्यासाठी एका दुकानदाराकडून जुना आइस्क्रीमचा फ्रीझर आणला होता; त्यावर अजून जिभल्या चाटणाऱ्या मुलाचं चित्र होतं. त्यातून पाकिटं काढली की ती बंदच ठेवायची, पार खोलीइतकी कोमट होईपर्यंत. थंडगार असताना उघडलीत तर हवेतली ओल कापडावर बसते, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर बसते तशी. कापडावर ती दिसत नाही. पण तीच ओल थरांमध्ये अडकून भट्टीत जाते, तिची वाफ होते आणि आत फुगे धरतात. म्हणून टीमची रीत अशी होती, की पाकीट आदल्या संध्याकाळीच बाहेर काढायचं आणि उघडण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसायचं. पुसल्यावर पुन्हा दव धरलं तर हात लावायचा नाही. हा धडा धाकटीनंच सगळ्यांना घोटून घोटून शिकवला होता. एका ज्युनिअरनं नमुन्याचं पाकीट लवकर उघडलं, तर तिनं त्याची अशी खरडपट्टी काढली की तो दोन दिवस शेडकडे फिरकला नाही.

कवचाचे थर लावायचे ते शनिवारी, असं ठरलं होतं. गुरुवारी रात्री दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर जरा चाचरत तो म्हणाला, "शनिवारी मला सुट्टी आहे. तुमचं ते कापड लावायचं काम बघायला येऊ का? कोपऱ्यात उभा राहीन. हात लावणार नाही कशाला."

धाकटीनं झटकन हिशेब केला. तो आला तर पहिला प्रश्न आजोबांचा. आणि तो नाही विचारला, तरी दादा शेडमध्ये नुसता उभा राहिला की संपलंच. उद्या सगळं गाव म्हणणार, कार्बन तरी काय, दादा येऊन उभा होता म्हणून जमलं. ती पटकन बोलून गेली, "अरे, शनिवारी कुठे? काम शुक्रवारीच उरकतंय आमचं."

"असं होय," दादा म्हणाला. "बरं बरं. मग पुन्हा कधीतरी."

एकदा तोंडातून गेलं ते गेलं. शुक्रवारी सकाळी तिनं सगळ्यांना बोलावून घेतलं, बेत बदललाय म्हणून सांगितलं आणि फ्रीझर उघडला. आदल्या संध्याकाळी निघायला हवी होती ती पाकिटं त्या सकाळी निघाली. दुपारपर्यंत सगळे हातमोजे चढवून, साचा पुसून, पाकिटांकडे बघत बसले. तिनं फडकं फिरवलं. पाकिटावर दव धरलं. जेवणं आटोपून आल्यावर पुन्हा फिरवलं. पुन्हा धरलं, आता जरा कमी. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा कडेला फक्त एक धुरकट पट्टी उमटली, आरशावर श्वास सोडावा तेवढी. तिनं ती अंगठ्यानं पुसून टाकली.

"झालं का?" ठोक्यानं विचारलं. ठोक्या हा टीमचा तपासनीस. दिसेल त्या वस्तूवर नाणं वाजवून बघायची त्याला सवय होती, म्हणून ठोक्या.

"झालं," धाकटी म्हणाली आणि कात्री लावली.

भट्टीतून कवच निघालं तेव्हा सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. काळंभोर, चकचकीत, कडेला धरून दोघांनी सहज उचलावं इतकं हलकं. सरांनी त्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि उगाच केस सारखे केले. त्या दिवशी धाकटीला प्रथमच सगळे कप्तान म्हणाले, कुणी ठरवून नव्हे, आपोआप. आजोबांची कमान नव्या पाठीवर घट्ट बोल्ट केली गेली. दादाला तिनं फोटो पाठवला, अर्थात समोरून काढलेला, कमान न दिसणारा. त्याचं उत्तर आलं, "आईला पुढे पाठवला. तिला वाटलं होडी आहे. नदीत चालवायची का म्हणाली." सगळे हसले, धाकटीही मनापासून हसली. तिच्या आयुष्यातला तो फार सुखाचा आठवडा होता, आणि पुढे त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटणार होती.

ठोक्या नाणं घेऊन कवचाभोवती फिरला; आत थर सुटलेले असले की तिथे आवाज बदलतो. टण, टण, टण. डावीकडे, चालकाला सीटला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याचा खिळा बसतो तिथे, आवाज बद्द आला. त्यानं पुन्हा वाजवलं. धाकटीनं सांगितलं की तिथे आत धातूचा ठोकळा आहे, आवाज वेगळा येणारच. उजवीकडेही ठोकळा होता आणि तिथे आवाज खणखणीत होता. ठोक्या तिच्याकडे बघत राहिला. पण कप्तान ती होती, आणि इतका अभ्यास दुसऱ्या कुणी केलेला नव्हता. त्यानं नाणं खिशात टाकलं.

स्पर्धेआधी पट्ट्याचे खिळे ओढून दाखवायचे असतात. गाडी आदळल्यावर चालकाचं अंग पुढे झेपावेल तो भार खिळ्यानं पेलायला हवा. उजवा खिळा जागचा हलला नाही. डाव्यावर निम्मा भारही चढला नव्हता तोच कापड फाटावं तसा आवाज झाला आणि खिळा ठोकळ्यासकट बाहेर आला. ना आधी वाक, ना चीर, ना कुरकुर. ओल्या भिंतीवरून रंगाचा पापुद्रा सुटावा तसे थर एकमेकांपासून सुटले होते, आणि आत बारीक बारीक फुग्यांची पुरळ.

चालक मुलगी शेजारीच उभी होती. त्या पट्ट्यात तीच बसणार होती. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. धाकटीला तिच्याकडे बघवेना.

सरांनी वाकून त्या भगदाडात बराच वेळ पाहिलं. ओल, ते म्हणाले. अख्खी डावी बाजू गेली असणार, ठिगळ लावून भागणार नाही, आणि नवं कवच करायला दिवस उरलेले नाहीत. कुणी धाकटीला बोल लावला नाही. इंजिन ठीक होतं, चाकं तयार होती, आणि सगळे बोल्टही जुन्याच जागी बसतील असे होते, कारण कवचाची मापं तिनं आजोबांवरूनच घेतली होती. एका दिवसात सगळं आजोबांवर चढलं असतं. हे प्रत्येकाच्या मनात एकदमच आलं असावं, कारण सगळ्यांच्या माना आजोबा बसायचे त्या कोपऱ्याकडे वळल्या. तिथे आता आइस्क्रीमचा फ्रीझर होता.

घरी ती रडली, आईनं दादाला कळवलं, आणि त्याचा लगेच फोन आला. त्याचा आवाज दुःखी असायला हवा होता, पण तो उत्साहानं नुसता फसफसत होता. "रडायचं काय त्यात? आजोबा आहेत ना. मी रजा टाकलीय, उद्या सकाळी पोचतो. माझा वेल्डिंगचा मुखवटा घेऊन येतोय, काही जोडायचं असलं तर जोडू. तू फक्त त्यांच्यावरची धूळ झाडून ठेव." ती म्हणाली, "दादा, ऐक." त्यानं ऐकण्यासाठी वाट पाहिली, मग म्हणाला, "काळजी करू नकोस, राणी," आणि फोन ठेवला. पुन्हा फोन लावायला तिला सगळी संध्याकाळ मोकळी होती. तिनं लावला नाही.

तो आला तो सरळ शेडवरच. खांद्याला पिशवी, पिशवीतून वेल्डिंगच्या मुखवट्याची काच डोकावत होती. पोरांनी त्याला गराडा घातला नाही, हे त्याला जरा विचित्र वाटलं असावं. त्यानं कोपऱ्यात पाहिलं, मग दुसऱ्या कोपऱ्यात, मग मागच्या दाराबाहेर डोकावून आला.

"कुठे हलवलंत त्यांना?"

धाकटीनं कमानीवर हात ठेवला. दादा जवळ आला. कमानीच्या पायाशी वेल्डिंगची एक जाडजूड, वेडीवाकडी रेघ होती. तो शिकत असताना घातलेली, पुढे कधी घासून न टाकलेली. तिच्या जरा खाली कटरनं कापल्याची सरळ, स्वच्छ कड. त्यानं आधी रेघेवरून बोट फिरवलं, मग कडेवरून.

"बाकीचं?"

"भंगारात," ती म्हणाली. "मीच कापलं. तुला सांगणार होते."

ठोक्या आणि बाकीचे एकेक करून बाहेर सटकले. दादा उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला. धाकटीला वाटलं होतं तो भडकेल. खरं तर तिला तेच हवं होतं. भांडण असतं तर निभावून नेलं असतं, लहानपणापासून त्याची सवय होती. ती घाईघाईनं म्हणाली की कमान सोडवून देते, तिच्यावरून पुन्हा बांधता येईल, पुढच्या वर्षी का होईना.

"अगं, जोडता सगळं येतं," तो म्हणाला. "पण दोन्ही तुकडे लागतात."

मग त्यानं खिशातून नाणं काढलं. उठून कवचाला एक फेरी घातली, ठोक्यासारखंच वाजवत. नाण्यानं वाजवून बघतात, हे ह्याला कुणी सांगितलं? तिला कळेना. तो खाली बघतच म्हणाला की ती कार्बनवर काम करते म्हटल्यावर त्यानंही थोडंफार वाचलं होतं. फोनवर तिच्याशी काही बोलता यावं म्हणून. टण, टण, टण. पुढच्या टोकाशी टण. उजवीकडे टण. डावीकडे आल्यावर बद्द, बद्द, आणि मागे गेल्यावर पुन्हा टण.

"एवढंच गेलंय," तो म्हणाला. "बाकी फार छान केलंयस गं. खरंच छान केलंयस." आणि थोड्या वेळानं, "पाकीट गार असतानाच उघडलं का कुणी?"

"मी."

"तू? तुला तर माहीत होतं."

तिला खोटं बोलता आलं असतं. वेळ नव्हता, थर्मामीटर बिघडला होता, काहीही. पण खोट्याचा तिला इतका वीट आला होता की खरंच तोंडातून निघून गेलं. "शनिवारी तू येणार होतास ना. तू यायच्या आत संपवायचं होतं मला."

दादानं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही, कपाळावर आठीही नाही. तो मुखवट्याची काच बाहीनं पुसत राहिला, ती स्वच्छच असताना. मग मुखवटा पिशवीत खाली सारला आणि पिशवीचा बंद आवळला.

"मी नुसता बघणार होतो," तो म्हणाला.

रजा शिल्लक होती, पण तो राहिला नाही. कमान त्यानं नेली नाही. राहू दे, पुढच्या पोरांना लागेल म्हणाला. बसथांब्यापर्यंत ती बरोबर गेली. वाटेत त्यानं तिच्या परीक्षेची चौकशी केली, आईचे गुडघे दुखतात तर औषध बदलून घ्या म्हणाला. बस आल्यावर तिच्या डोक्यावर नेहमीसारखी टपली मारली आणि चढला.

आता त्याचा फोन ठरल्याप्रमाणे दर रविवारी येतो. अगदी पूर्वीसारखाच बोलतो, हसतो, आईची नक्कल करतो. कुठेही चीर दिसत नाही. धाकटी मात्र फोन कानाला दाबून धरते, कारखान्याचं विचारते, खोलीतल्या जोडीदाराचं विचारते, जेवणाचं विचारते. इथून वाजवून बघते, तिथून वाजवून बघते. सगळीकडे आवाज खणखणीत येतो. मग ती हळूच म्हणते, "दादा, सुट्टी आहे तर शेडवर ये ना एकदा," आणि तो म्हणतो, "बघू."